मदत हवी आहे : यूपीआय सर्वेक्षणात सगळ्यांची उत्तरं सारखीच येताहेत

वाणिज्य शाखेत पीएचडी करते आहे. विषय : नागपुरातल्या इतवारी-गांधीबागच्या छोट्या दुकानदारांचा यूपीआय वापर. आराखडा टॅमवर (टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल), म्हणजे लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या डेव्हिस यांच्या १९८९च्या मॉडेलवर बेतला आहे. पायलटमध्ये, म्हणजे छोट्या चाचणी सर्वेक्षणात, 'वापरण्याचा हेतू' या प्रश्नांना जवळपास सगळेच पाचपैकी पाच देतात. साहजिक आहे. क्यूआर कोड गल्ल्यावरच चिकटवलेला, फॉर्म भरता भरता साउंडबॉक्स बोलतोय, हेतू काय विचारायचा? पण उत्तरांत फरकच नसेल तर रिग्रेशन (कशामुळे किती फरक पडतो हे काढणारं गणित) कशावर चालवू?

प्रश्न सोपे केले, सातची मोजपट्टी लावली, घाऊक-किरकोळ वेगळे केले. काही हललं नाही. मुलाखतींत मात्र खरा फरक दिसतो : कुणी सगळंच यूपीआयवर घेतं, कुणी मोठी रक्कम रोखच मागतं. मला तिथेच खरा विषय दिसतो.

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झालाय, त्यामुळे शीर्षक बदलता येणार नाही. मॉडेल बदलायला गाइडची हरकत नाही. विक्रीचे आकडे कुणी सांगत नाही आणि गिऱ्हाईक आलं की फॉर्म बाजूला पडतो, म्हणून प्रश्न मोजकेच हवेत.

भट्टाचार्जी यांच्या २००१च्या सातत्य-मॉडेलकडे (एकदा स्वीकारलेलं तंत्रज्ञान लोक पुढे वापरत का राहतात हे सांगणारं) वळू, की 'यूपीआयने येणाऱ्या रकमेचा वाटा' हाच डिपेंडंट व्हेरिएबल (ज्यातला फरक समजावून सांगायचा तो घटक) ठेवू? आणि थेट आकडा न विचारता हा वाटा कुणी मोजला असेल, तर प्रश्न नेमका कसा विचारलात?