सेंटओएस ७ वरून कुठे जावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपुरात आमचं छोटं ऑफिस आहे. संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. ते ऑफिसातल्याच सर्व्हरवर चालतं आणि त्यावर अजून सेंटओएस ७ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम आहे. त्याचे अपडेट ३० जून २०२४ लाच बंद झाले. लोकांचे हिशेब त्यावर आहेत, त्यामुळे मला हे लवकर हलवायचंय.

सवयीने पाहिलं तर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स ९ सोपं, दोन्ही सेंटओएसच्याच घराण्यातली. डीएनएफ (सॉफ्टवेअर बसवायचं साधन), एसईलिनक्स (सुरक्षेचे नियम) सगळं ओळखीचं, शिवाय सुरक्षा अपडेट २०३२ पर्यंत. पण आमची पोरं काम करतात उबंटूवर. त्यांच्या लॅपटॉपवर छान चाललेलं सर्व्हरवर येऊन अडतं. पायथन ३.१० ला निदान ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ लागतं आणि सेंटओएस ७ मध्ये १.०.२ आहे, तिथेच अर्धा दिवस जातो. म्हणून लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्हीकडे डेबियनच (उबंटू त्यावरच बेतलेलं आहे) ठेवावं असं माझं मन म्हणतंय. फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळी सिस्टीमही सुचवली गेली, झेडएफएस या फाइल सिस्टीमसाठी. पण आमचं सगळं डॉकरवर (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवायचं साधन) आहे, आणि त्याला लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लागतो.

एलिव्हेट हे अपग्रेडचं साधन वापरून चालू सर्व्हर ७ वरून ८ आणि मग ९ वर कोणी नेलाय का? त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस होता का? की नवी डिस्क घालून सरळ नव्याने बसवावं? अजून एक, मे महिन्यात इथे लाइट जाते आणि यूपीएस दगा देतो. अशा वेळी डिस्कसाठी एक्सएफएस फाइल सिस्टीम बरी की ईएक्सटी४?

नागपुरात कोणी हे केलं असेल तर आवर्जून सांगा, मी भेटायला येतो.