उपचार संपले, धास्ती राहिली: आपले अनुभव लिहा

"आता बरी झालीस ना, मग कसला विचार करतेस?" कॅन्सरची केमो चालू होती तोवर घरी डबे यायचे, परळला हॉस्पिटलात सोबतीला माणसं यायची. उपचार संपले तशी सगळी आपापल्या कामाला लागली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण फॉलोअपची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, त्याचं काय करायचं? मुंबईतल्या बरे झालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी इथे मोकळेपणी लिहावं. औषधांचे सल्ले मात्र नकोत, ते आपापल्या डॉक्टरांकडून.

माझा लिम्फोमा होता, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. मला सगळ्यात जड जातो पेट स्कॅनआधीचा, म्हणजे कॅन्सर कुठे उरलाय का ते बघायच्या तपासणीआधीचा तास. उपाशीपोटी किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देतात आणि स्वस्थ बसवून ठेवतात, कारण हालचाल केली तर ती साखर स्नायूच ओढून घेतात. मोबाइल नाही, बोलायला कुणी नाही. हात आपसूक मानेकडे जातो, गाठ चाचपायला.

*भांडुपहून*
माझं तोंडाचं ऑपरेशन झालंय. कटिंग चहाने जीभ पोळली तरी रात्री टॉर्च घेऊन आरशासमोर उभा राहायचो. बायको उठून दिवा लावायची, काही बोलायची नाही. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं, घाबरायचं कधी? ते म्हणाले, दोन आठवड्यांत भरली नाही ती जखम दाखवायला या. आता फोड आला की कालनिर्णयवर त्या दिवशी पेनाने खूण करतो. भीती गेली असं नाही म्हणणार, पण तिला तारीख मिळाली. टॉर्च परत खणात गेला.

*डोंबिवलीहून, एक आई*
लेकाला लहानपणी रक्ताचा कॅन्सर होता, आता दहावीत आहे. पावसाळ्यात सगळ्या वर्गाला ताप येतो, त्यालाही येतो. मागे म्हणाला, "आई, ताप आला की माझ्याकडे अशी बघत जाऊ नकोस." टाटामध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळं क्लिनिक चालतं. तिथे वाढ, हृदय, अभ्यास सगळं विचारतात. तिथल्या ताईंशी तो जे बोलतो ते माझ्याशी बोलत नाही. बोलतोय, हे मला पुरतं.

*गिरगावहून*
रुग्ण माझी पत्नी, झोप उडालेली माझी. रात्री दोनला कुणाला उठवणार? 14416 लावला. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी फोनवरची सरकारची मोफत सेवा, 2022 मध्ये सुरू झालेली. मराठीत बोललो. नातेवाइकांनीही फोन करावा.

*धागा काढणारी*
14416 चं लिहिलंत ते फार बरं केलंत. चाचणी झाल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत नोकरीवर जाणारे कसं निभावतात? ऑफिसात कुणाला सांगता का? त्याबद्दलही लिहा.