विंडोज १० वरून ११ वर जाताना अशिलांच्या कागदपत्रांचे काय?

जमाखर्च

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी करसल्लागार म्हणून काम करते. सव्वाशेच्या आसपास अशील आहेत. त्यांची पॅनकार्डे, आधारच्या प्रती, बँकेचे खातेउतारे, जीएसटीची विवरणपत्रे आणि गेल्या सात वर्षांचे हिशेब असा सगळा ऐवज एकाच लॅपटॉपवर आहे. हा लॅपटॉप मी २०१८ साली घेतला. त्यात इंटेलचा आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि विंडोज १० होम आहे. लॉगिनसाठी मी पहिल्यापासून त्या संगणकापुरतेच असलेले लोकल अकाउंट वापरते. मायक्रोसॉफ्टचे खाते मी कधी उघडलेच नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला हे मला ठाऊक आहे, आणि तसे सांगणारा पडदाभर निरोप अधूनमधून येतच असतो. तरीही मी आजवर पुढे पाऊल टाकलेले नाही, कारण ज्याला विचारावे तो वेगळीच भीती घालतो. भाचा म्हणतो की नवे विंडोज दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवते. एका सहव्यावसायिकांचे म्हणणे असे की खाते उघडल्याशिवाय ते चालूच होत नाही आणि खाते उघडले की आपल्या फायली परस्पर कंपनीच्या सर्व्हरवर जातात. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्रॅम चालवून पाहिला, तर टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय नसल्यामुळे हा संगणक अपात्र असल्याचे उत्तर आले.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम मी चाळले आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या माणसाने विश्वासाने आपला खातेउतारा माझ्या हाती दिला, त्याला उद्या काय सांगायचे, हा प्रश्न उरतोच. विंडोज ११ घेतल्यावर माझ्या संगणकातून नेमके काय बाहेर जाते आणि त्यातले काय मला थांबवता येते, हे कोणी नीट सांगेल का?

ओसरीवरचा

ताई, आधी टीपीएमचे पाहू, कारण ते सोपे आहे. आपला प्रोसेसर आठव्या पिढीतला असल्यामुळे तो विंडोज ११ च्या यादीत बसतो. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये टीपीएम ही वेगळी चिप नसून इंटेलच्या फर्मवेअरमध्येच असते आणि अनेकदा ती बंद करून ठेवलेली असते. संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या संगणकाच्या मूळ मांडणीत, जा आणि सिक्युरिटीच्या पानावर ‘इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी’ किंवा नुसते ‘पीटीटी’ असे काही दिसते का ते शोधा. ते सुरू केले की तोच प्रोग्रॅम बहुधा तुम्हाला पात्र ठरवील.

दर काही सेकंदांनी फोटो काढणाऱ्या सोयीचे नाव रिकॉल. मे २०२४ मध्ये ती जाहीर झाली, सुरक्षातज्ज्ञांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली, मायक्रोसॉफ्टला ती मागे घेऊन दुरुस्त करावी लागली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती आली, तीही वापरणाऱ्याने स्वतः सुरू केली तरच चालेल या अटीवर. मुख्य म्हणजे तिला कोपायलट प्लस वर्गातला संगणक लागतो. त्यात सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी वेगळी प्रक्रियक चिप आणि किमान १६ जीबी रॅम असावी लागते. तुमच्या लॅपटॉपवर रिकॉल चालूच शकत नाही. भाच्याला तेवढे सांगा.

आता संगणकातून बाहेर काय जाते ते पाहू. निदानासाठी पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे विंडोज ११ मध्ये दोन थर आहेत. पहिला आवश्यक: संगणकाचे मॉडेल, त्याची जडणघडण, अपडेट नीट बसले की नाही, अशा गोष्टी त्यात असतात आणि होम किंवा प्रो आवृत्तीत तो बंद करता येत नाही. दुसरा ऐच्छिक, आणि तुमच्या व्यवसायात तोच महत्त्वाचा आहे. एखादा प्रोग्रॅम कोसळला तर त्या क्षणी मेमरीत जे असेल त्याची नोंद या थरातून जाऊ शकते आणि तीत उघड्या फायलीचा तुकडाही अनवधानाने जाऊ शकतो, असे मायक्रोसॉफ्टच्याच माहितीपानावर लिहिलेले आहे. एक्सेल अडकले तेव्हा पडद्यावर कोणाचा ताळेबंद होता, याचा विचार करा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक’ आणि तिथे ‘सेंड ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा’ हे बटण बंद करा. जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांकही त्याच विभागात ‘जनरल’ किंवा नव्या आवृत्त्यांत ‘रेकमेंडेशन्स अँड ऑफर्स’ या पानावर बंद होतो. कीबोर्डावरचे टंकन आणि बोलणे सुधारण्यासाठी नमुने द्यायचे का, असेही विचारले जाते. त्यालाही नकार द्या.

पण खरे सांगायचे तर मला यापेक्षा वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची, धास्ती अधिक वाटते. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांचा बॅकअप घ्यायचा प्रस्ताव पुढे येतो आणि घाईत आपण होकार देऊन मोकळे होतो. नाव बॅकअपचे असले तरी प्रत्यक्षात ही फोल्डरे वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवली जातात. खूण पाहायची असेल तर फायलीवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये तिचा पत्ता वाचा: ‘युजर्स’नंतर तुमचे नाव आणि लगेच ‘डॉक्युमेंट्स’ असेल तर फाइल घरीच आहे, मध्ये ‘वनड्राइव्ह’ हा शब्द आला असेल तर तिची एक प्रत परगावी गेली आहे. फुकट जागा ५ जीबीच मिळते. सात वर्षांची स्कॅन केलेली कागदपत्रे तीत मावणार नाहीत, ती भरली की जागा विकत घ्या असे निरोप येऊ लागतात आणि मग लोक जागा मोकळी करायला वेबसाइटवरून फायली पुसतात. त्या लॅपटॉपवरूनही जातात, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळते.

तुमच्यासाठी सोयीची बाब अशी की चालू विंडोज १० वरूनच अपग्रेड केले तर तुमचे लोकल अकाउंट तसेच राहते. खाते उघडण्याची सक्ती नव्याने इन्स्टॉल करताना होते. अपग्रेडनंतर एकदोनदा आग्रह होईल, तेव्हा ‘नंतर आठवण करा’ असा पर्याय निवडावा. पसंत पडले नाही तर दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परतता येते. तरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण प्रत घेतल्याशिवाय सुरुवात करू नका.

विंडोज १० वरच आणखी काही महिने काढायचे असतील तर सुरक्षा अपडेटांची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवायची तयारी असेल तर फुकट, नाहीतर ३० डॉलर भरून. गंमत अशी की युरोपाबाहेरच काय, युरोपातही त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागतेच. खाते टाळण्यासाठी जुन्याला चिकटून राहणाऱ्याला सुरक्षित राहायचे तर खातेच उघडावे लागते.

पेंग्विनप्रेमी

वरील उत्तर व्यवहार्य आहे, परंतु ‘आवश्यक’ म्हणून जो थर बंदच करता येत नाही त्याबद्दल ओसरीवरच्यांनी फारच लवकर समाधान मानले असे मला वाटते. तो बंद करण्याची सोय एंटरप्राइज आणि एज्युकेशन या आवृत्त्यांत आहेच. म्हणजे ती तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, घरगुती आणि छोट्या व्यावसायिक ग्राहकाला ती दिलेली नाही इतकेच. शिवाय कंपनी गोळा करते ते सारे खरोखरच आवश्यक असते, असेही नाही. फ्रान्सच्या सीएनआयएल या माहितीसंरक्षण आयोगाने २०१६ मध्ये विंडोज १० बद्दल मायक्रोसॉफ्टला नोटीस बजावली आणि पुढच्या वर्षी प्रकरण मिटवताना नोंदवले की कंपनीने सर्वांत खालच्या थरातील माहितीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले आहे. जे निम्मे वगळता आले ते आधी कशासाठी घेतले जात होते, हा प्रश्न त्या वेळी मला पडला होता आणि अजूनही पडतो.

माझा सल्ला लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा. त्याची २२ वी मालिका २०२९ पर्यंत चालेल, ८ जीबी रॅमवर ती हलकीफुलकी चालते, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहे आणि अशी माहिती ती कोणाला पाठवत नाही.

निळी शाई

पेंग्विनप्रेमींच्या तत्त्वाशी मी सहमत आहे, पण करसल्लागाराच्या टेबलावर ते टिकणार नाही. मॅक्रो असलेल्या एक्सेल फायली लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस या ऑफिस प्रोग्रॅममध्ये धड चालत नाहीत, टॅली विंडोजसाठी लिहिलेले आहे आणि डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्सवरचा ड्रायव्हर मिळवून तो संकेतस्थळाशी जुळवताना विवरणपत्राची शेवटची तारीख निघून जाईल. शिवाय श्रीलिपी या जुन्या फॉन्टातल्या फायली असतील तर त्या युनिकोडमध्ये आणणे हे आणखी एक काम. घरच्या संगणकावर मीही मिंटच वापरतो, कचेरीत नाही.

मला वेगळ्याच गोष्टीची सूचना करायची आहे, कारण तिची किंमत मी मोजली आहे. गेल्या वर्षी आमच्या कचेरीतला एक संगणक मी एका दुकानात विंडोज ११ नव्याने टाकून घ्यायला दिला. दुकानातल्या मुलाने मांडणी पुरी करण्यासाठी त्याचेच मायक्रोसॉफ्ट खाते घातले, मग माझ्यासाठी दुसरे लोकल अकाउंट काढून दिले आणि मीही संगणक चालू आहे एवढे पाहून पैसे देऊन परतलो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट खाते वापरले की डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जमा होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. चार महिन्यांनी बायॉसचे अपडेट झाले आणि सकाळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागणारी चौकट उभी राहिली. ती किल्ली माझ्याकडे नव्हती. ती त्या मुलाच्या खात्यात होती आणि तो मुलगा दुकान सोडून पुण्याला गेला होता. त्याचा फोन लागेपर्यंत सव्वा दिवस गेला. सहा-सहा आकड्यांचे आठ गट त्याने फोनवर वाचून दाखवले आणि मी ते पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले. म्हणजे चार महिने माझ्या अशिलांच्या कपाटाची किल्ली एका अनोळखी मुलाच्या खिशात होती आणि मी मात्र जाहिरातींचा ओळखक्रमांक बंद केल्याच्या समाधानात होतो.

म्हणून ताई, हे काम दुकानात देऊ नका. आणि द्यावेच लागले तर परत आणल्यावर सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडून ‘अदर युजर्स’मध्ये कोणकोण आहे ते पाहा.

जमाखर्च

सर्वांचे आभार. वीस तारखेचे जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरून झाल्यावर शनिवारी दुपारी कामाला बसले. बायॉसमध्ये पीटीटी खरोखरच बंद होते. ते सुरू केल्यावर तपासणीचा निकाल बदलला. आधी बाहेरच्या डिस्कवर सगळे उतरवून घेतले आणि मग अपग्रेड सुरू केले. ते संध्याकाळपर्यंत चालले. लोकल अकाउंट शाबूत राहिले. सहीच्या टोकनचा ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकावा लागला.

‘डायग्नोस्टिक्स’च्या पानावर ऐच्छिक माहितीचे बटण सुरूच होते. म्हणजे विंडोज १० च्या काळापासून मीच कधीतरी ‘पुढे, पुढे’ करत त्याला होकार दिलेला असणार आणि गेली काही वर्षे मी ज्या भीतीने नवे विंडोज टाळत होते ती गोष्ट जुन्यावर चालूच होती. फायलींचे पत्ते तपासले. मध्ये वनड्राइव्ह कुठेही नाही.

पण निळी शाई यांच्या उत्तरामुळे दुसरी शंका आली. माझे लोकल अकाउंट आहे, म्हणजे माझी डिस्क कुलूपबंद नाही. महिन्यातून दोनदा मी लॅपटॉप घेऊन एसटीने जिल्ह्याला जाते. बॅग गेली तर ज्याच्या हाती ती पडेल त्याला डिस्क काढून सगळे वाचता येईल ना?

ओसरीवरचा

वाचता येईल. विंडोजचा पासवर्ड त्याला अडवणार नाही. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की फायली उघड्या. माझ्या लांबलचक उत्तरात हेच राहून गेले, याबद्दल दिलगीर आहे.

दोन मार्ग आहेत. होमऐवजी प्रो आवृत्ती घेतली तर डिस्क कुलूपबंद करणारा बिटलॉकर मिळतो आणि त्याची किल्ली कोणत्याही खात्यात न ठेवता छापून किंवा पेन ड्राइव्हवर घेता येते. खर्च नको असेल तर व्हेराक्रिप्ट हा मुक्त स्रोताचा फुकट प्रोग्रॅम घ्या, त्यात एक कुलूपबंद कप्पा तयार करा आणि अशिलांची सगळी फोल्डरे त्यात हलवा. सकाळी पासवर्ड देऊन तो उघडायचा की तो वेगळ्या ड्राइव्हसारखा दिसतो. संध्याकाळी बंद करायचा. हलवून झाल्यावर मूळ फायली नुसत्या पुसून रीसायकल बिनमध्ये राहू देऊ नका, आणि बाहेरच्या डिस्कवर परवा घेतलेली प्रत उघडीच आहे हेही विसरू नका. व्हेराक्रिप्टचा पासवर्ड हरवला तर ना कंपनी उघडून देईल, ना पुण्याला गेलेला मुलगा.

जमाखर्च

प्रोचा खर्च तूर्त नको. आज रात्री व्हेराक्रिप्टमध्ये आधी एकाच अशिलाचे फोल्डर टाकून टॅली आणि एक्सेल तिथून नीट उघडतात का ते पाहते. पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये, यजमानांच्या एलआयसीच्या पॉलिसीबरोबर ठेवीन.