१७ कुंड्या, एक बोडका कढीपत्ता आणि समोरचे काका

ग्रिलमधली_बाग :
प्रश्न झाडाचा आहे आणि थोडा माणसाचाही. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

एप्रिलअखेरीस सांगलीला आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी हाताला लागले ते कपडे पिशवीत कोंबून निघाले. जाताना समोरच्या काकांकडे किल्ली दिली आणि "जमलं तर तुळशीला पाणी घाला" एवढंच म्हटलं. चार दिवसांत येईन असं वाटलं होतं, लागले २६. मे महिना, डोंबिवली, पश्चिमेचं ऊन आणि ग्रिलमध्ये १७ कुंड्या. सगळ्यांवर मी मनातल्या मनात पाणी सोडून बसले होते.

परत आले तर तुळस, मोगरा, गवती चहा, जास्वंद सगळं टवटवीत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात पेन्सिलने बारीक आकडे घातलेले: ५, ९, ११, १४. आधी दुधाचा हिशेब वाटला, पण दूध तर बंद केलं होतं. मग देव्हाऱ्यातली वाटी दिसली, सुकलेल्या मोगऱ्याने भरलेली. काका रोज फुलं मोजून तोडायचे, देवापुढे ठेवायचे आणि आकडा लिहायचे. रेल्वेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, नोंदवही काही सुटलेली नाही.

फक्त कढीपत्ता बोडका. पान म्हणून नाही, नुसत्या काड्या. काका म्हणाले, "माझ्या हातून पाणी जास्त पडलं गं, घालवलं तुझं झाड." तेव्हापासून जिन्यात भेटले की खाली बघून जातात. पेढे घेऊन गेले तर "झाड घालवल्याचे पेढे कसले?" म्हणून परत पाठवले.

झाड जगेल का? आणि या माणसाचे आभार मानायचे तरी कसे?

लिंबूटिंबू :
पाणी जास्त झालं की पानं पिवळी पडून खाली गळतात. कुंडीत गळलेली पानं होती का? काड्या जागेवर आणि पान गायब म्हणजे कुणीतरी बसून जेवलंय. लिंबावरच्या फुलपाखराचे सुरवंट असणार, कढीपत्ता त्याच कुळातला. लहान असताना थेट पक्ष्याची शीट दिसतात, काळपट-पांढरी. मोठे झाले की हिरवेगार. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. खोडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

बागवाली_आत्या :
नीमतेल फवारा आणि पाणी घातलेलं आंबट ताक घाला. शेंडेही खुडा.

लिंबूटिंबू :
आत्या, जेवून हात धुऊन गेले ते. आता फवारून कुणाला पळवणार? ताक चालेल.

झणझणीत_मिसळ :
झाडातलं मला कळत नाही. पण पेढे नेऊन तुम्ही हिशेब मिटवायला गेलात, म्हणून ते परत आले. माझे वडील निवृत्तीनंतर शेजारच्या पोराची सायकल दुरुस्त करून द्यायचे. एकदा त्याच्या आईने "काकांना किती त्रास द्यायचा" म्हणून ती दुकानात नेली, तर आमचे बाबा आठवडाभर फुगून बसले होते. तुम्ही काकांना पुन्हा काम सांगा. आणि त्यांच्या घरचं एखादं भांडं राहिलं असेल तर रिकामं देऊ नका. आमची आजी काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची.

ग्रिलमधली_बाग :
खरवडलं. आत पोपटी हिरवं!

काकांना हाक मारली, चष्मा घेऊनच या म्हटलं. गजाच्या मागच्या बाजूला एक रिकामा कोष सापडला, कमरेला बारीक धागा बांधून तिरका टेकवल्यासारखा. लिंबूटिंबूंचं वाचून दाखवलं. शिटेपर्यंत आले आणि काका ताडकन म्हणाले, "अगं, ती मी तीन-चार दिवस बघत होतो! कावळ्याला शिव्या घातल्या. पाण्याने धुतली तरी जाईना." मग दोघंही इतके हसलो की काकू बाहेर आल्या.

मी आले त्या रात्री काकूंनी पिठलं-भाताचा डबा दिला होता, तो माझ्याकडेच राहिला होता. त्यात आईने बांधून दिलेले तासगावचे बेदाणे घालून दिले. मुकाट्याने घेतले. काका किल्ली परत देत होते, मी घेतली नाही.

"राहू दे तुमच्याकडेच. जुलैत आईला तपासणीला न्यायचंय."

"तोवर मोगरा संपेल."

"जास्वंद आहे की."

"मग ती पेन्सिल हलवू नकोस तिथून."