मदत हवी आहे: गूगल ट्रेंड्स, सूर्यावरचे डाग आणि अडकलेला प्रोजेक्ट

पूर्णाकाठचा

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, परभणी जिल्ह्यातला आहे, आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय की सूर्य खवळलेला असतो तेव्हा लोक नेटवर काय शोधतात. विषय मीच सुचवला, सर हो म्हणले, आता निस्तरायचं पण मलाच आहे.

काय केलंय ते सांगतो. सूर्यावरच्या डागांचे महिन्यावारी आकडे ब्रुसेल्सच्या वेधशाळेच्या सिल्सो साइटवरनं घेतले, फुकट मिळतात. गूगल ट्रेंड्सवरनं (गूगलवर लोक कधी काय शोधतात ते दाखवणारी साइट) जानेवारी २००४ पासूनचा डेटा घेतला, जगाचा वेगळा, भारताचा वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा, आणि सगळं एक्सेलमध्ये शेजारी शेजारी ठेवलं. जगाचा 'ऑरोरा'चा (सौर वादळात आभाळात दिसणारा रंगीत उजेड) ग्राफ लै भारी दिसतो, मे २०२४ ला मोठं वादळ आलं तिथं एक उंच खांब अन् मागची वीस वर्षं त्याच्या पायाशी आडवी. पण महाराष्ट्रात 'सौर वादळ' टाकलं की शून्य, शून्य, शून्य. 'सोलर' टाकलं तर खाली संबंधित शोधात नुसते पंप, पॅनल, सबसिडी अन् अर्जाचं स्टेटस. आपल्याकडं सूर्य म्हणलं की लोकांना पंपच आठवतो बहुतेक, त्यात काही चूक बी नाही म्हणा.

बोलतं ते फक्त 'ग्रहण'. २६ डिसेंबर २०१९, २१ जून २०२०, दिवाळीतलं २५ ऑक्टोबर २०२२, सगळीकडं उसळी. पण डिसेंबर २०१९ म्हणजे सूर्याचं चक्र (डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात अन् घटतात ते) अगदी तळाला, डाग जवळपास नाहीतच, मग तिथं उसळी कामून?

अन् सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे तोच शब्द, तोच काळ, आज उतरवला तर एक आकडा आणि दोन दिवसांनी उतरवला तर दुसरा. सर म्हणतात कोरिलेशन (डाग अन् सर्च सोबत वरखाली होतात का त्याचा आकडा) काढ अन् मोकळा हो. काढू का? कोणी असलं काम केलंय का आधी?

आडवातिडवा_डेटा

भावा थांब, कोरिलेशनला हात लावू नको अजून.

आकडे बदलतात कारण ट्रेंड्स सगळे सर्च मोजतच नाही, त्यातला नमुना उचलतं आणि नमुना दरवेळी थोडा वेगळा असतो. कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दाला हा हेलकावा जास्त बसतो. वेगवेगळ्या दिवशी बऱ्याचदा उतरव, सरासरी घे, आणि हेलकावा किती होता ते रिपोर्टमध्ये लिही. शून्य म्हणजे कोणीच शोधलं नाही असं नसतं, मोजण्याइतकं शोधलं नाही एवढंच.

दुसरं म्हणजे तो १०० चा आकडा किती लोकांनी शोधलं ते सांगत नाही. त्या भागातल्या एकूण सर्चमधला त्या शब्दाचा वाटा काढतात आणि निवडलेल्या काळातला सगळ्यात मोठा वाटा १०० धरतात. त्यामुळं मे २०२४ घेतलास की बाकी सगळं चपटं होणारच. तो महिना वगळून परत काढ, वेगळंच चित्र दिसंल.

आणि आपल्याकडचा खरा घोळ सांगू का, २००६ साली आपल्या भागात नेटवर कोण होतं? कॅफेत बसणारी कॉलेजची पोरं, एखादे मास्तर. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि अख्खं गाव नेटवर आलं, मग एकूण सर्चमध्ये पिक्चर, भजनं, बाजारभाव वाढले आणि 'सनस्पॉट'चा वाटा आपोआप घटला. त्यात सूर्याचा काय संबंध? तू सूर्य मोजायला गेलास आणि मोबाईलचा रिचार्ज मोजून आलास.

जुनं_खोड

रिटायर्ड भूगोल शिक्षक आहे म्हणून मधी बोलतो.

बाळा, डाग आणि माणसाचं वागणं ही भानगड सव्वादोनशे वर्षांची आहे. १८०१ साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनी डागांचा संबंध गव्हाच्या भावाशी जोडला. पुढं जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं व्यापारातल्या मंदीशी जोडला, त्याचा मंदीचा फेरा साडेदहा वर्षांच्या आसपास निघाला आणि डागांचा फेराही तेव्हा तेवढाच समजत होते, झालं, जमलं. नंतर डागांचा फेरा अकराच्या वर भरला अन् जमलेलं फिसकटलं. १८७७ ला लॉकियर आणि हंटर यांनी तर मद्रासकडचे दुष्काळ डागांना चिकटवले.

आता आपलंच बघ. मराठवाड्यात २०१२ ला दुष्काळ, तेव्हा चक्र चढावर होतं. २०१४ ला दुष्काळ, तेव्हा शिखरावर. २०१५ ला उतारावर, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०१८ ला परत दुष्काळ, तेव्हा तळाजवळ. आता सांग कुठं जोडतो?

तुझ्याकडं वीस वर्षांचा डेटा म्हणजे शिखरं दोनच, एप्रिल २०१४ आणि ऑक्टोबर २०२४. दोन शिखरांवर काहीही बसवता येतं. लोकसभा निवडणूक बसव की, २०१४ ला पण होती, २०२४ ला पण होती. २०१९ ची मधी येऊन घोटाळा करती तेवढाच.

ग्रहणाचं म्हणशील तर तो चंद्राचा खेळ, मधी येतो आणि झाकतो. डाग असोत नसोत त्याला घेणंदेणं नाही.

लातूरची_लेक

काका एक नंबर 😄

दादा, मला वाटतं तुम्ही ग्रहण सोडू नका, प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे माणसाच्या सवयी, त्या तिथंच सापडतील. आधी लोक वेळ शोधतात, मग सूतक कधीपासून, गरोदर बाईनं काय करायचं (आमच्या आजीला विचारलं असतं तर नेट लागलं नसतं), आणि सुटल्यावर सगळं गप्प. ८ एप्रिल २०२४ ला अमेरिकेत खग्रास झालं तेव्हा ग्रहण संपल्या संपल्या 'डोळे दुखतायत' अशा सर्चनी उसळी मारली होती, २०१७ ला पण तसंच. आपल्याकडं ग्रहणाआधीची उसळी मोठी निघते का नंतरची, तेवढं ताडून बघा, प्रोजेक्टला पुरेसं आहे.

आडवातिडवा_डेटा

हाव, हे बरोबर. आणि वादळासाठी अकरा वर्षांचं चक्र सोडून दे, एकेक दिवस धर. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या संस्थेकडं केपी निर्देशांक (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ढवळलं ते ० ते ९ मध्ये सांगणारा आकडा) दर तीन तासांचा मिळतो, त्यातले ८ च्या वरचे दिवस काढ, प्रत्येकाच्या मागंपुढं दोन आठवडे रोजचा ट्रेंड्स डेटा ठेव, आणि तोच वार घेऊन तुलना कर कारण रविवारचे सर्च आणि सोमवारचे सर्च सारखे नसतात. जोडीला विकिपीडियाच्या पानांचे व्ह्यूज घे, जुलै २०१५ पासून रोजचे मिळतात आणि ते खरे आकडे असतात, वाटा नाही.

पूर्णाकाठचा

सगळ्यांना धन्यवाद, ताई तुमचं सूतकवालं उद्याच करतो.

दादा, मे २०२४ चं रोजचं काढून बघितलं आत्ताच. १० मे ला अक्षय तृतीया होती, 'सोन्याचा भाव' वर गेलेला दिसतोय, १३ तारखेला आपल्याकडं जालना, संभाजीनगर, बीडचं मतदान, त्याचे सर्च वेगळेच. ऑरोराची उसळी ११ ला दिसते अन् तीही लडाखच्या हानलेमधनं लाल आकाशाचे फोटो आल्यावर वाढली असावी असं वाटतंय. म्हणजे लोक आभाळ बघून नाही, बातमी बघून शोधतात असं लिहू का?

घरी आमचे चुलते म्हणतात त्या दिवशी मोबाईलची रेंज गेलती ती सूर्यामुळंच. त्यांना काय सांगू?

जुनं_खोड

चुलत्यांना सांग, अशा वादळात गडबडतं ते जीपीएस आणि लांब पल्ल्याचा रेडिओ. त्या दिवशी अमेरिकेत पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले होते, गावाकडची रेंज जाण्याची कारणं गावातच असतात. आणि प्रस्तावनेत कुलाबा टाक, १८५९ च्या महावादळाची नोंद आपल्या मुंबईच्या वेधशाळेत झालेली आहे, चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (ते मोजायचं एकक) घसरण. परीक्षकाला बरं वाटतं.

आडवातिडवा_डेटा

'बातमी बघून शोधतात' एवढं ठाम एका वादळावरनं लिहू नको. १० ऑक्टोबर २०२४ चं वादळ पण घे, पण जपून, आदल्या रात्री रतन टाटा गेले होते आणि त्या दिवशी देशभर तेच शोधत होते, एकूण सर्च फुगले की तुझ्या शब्दाचा वाटा आपोआप बारीक होतो. १७ मार्च २०१५ चं घेतलंस तर असली अडचण कमी येईल.

आणि वेळेचं बघ. मेमधलं वादळ आपल्या घड्याळात १० तारखेला रात्री साडेदहाच्या सुमारास धडकलं. ट्रेंड्सवर महिन्याचा किंवा त्याहून मोठा काळ घेतलास तर तारखा ग्रिनिचच्या वेळेनं पडतात, म्हणजे आपले पहाटे साडेपाचपर्यंतचे सर्च आदल्या तारखेत जातात. सात दिवसांचा तासावारी डेटा मात्र तुझ्या कॉम्प्युटरच्या वेळेनं दिसतो. दोन्ही मिसळू नको, नाहीतर ११ ची उसळी १० ला दिसंल अन् सर विचारतील की वादळ यायच्या आधीच लोकांना कळलं कसं.