कोटिंग केल्यास पीसीबीवरील (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावरील) सुरक्षा-अंतर कमी ठेवता येते का?

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीतील आमच्या लहान कारखान्यात काटोलकडील संत्राबागांच्या पंपांसाठी कंट्रोलर तयार होतात. २३० व्होल्टचा भाग आणि शेतकऱ्याचा हात लागू शकेल असा कमी व्होल्टेजचा भाग यांच्यात बोर्डावर ३ मिमी अंतर आहे. अॅक्रिलिक कोटिंग दिल्यास ते पुरेल का?

उत्तर १: केवळ कोटिंगच्या भरवशावर नाही. आयईसी ६०६६४-१ या इन्सुलेशनविषयक आंतरराष्ट्रीय मानकानुसार २५० व्होल्टसाठी, साध्या एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सी) बोर्डावर, प्रदूषण श्रेणी २ मध्ये (कोरडी धूळ, क्वचित दमटपणा) मूलभूत, म्हणजे एकेरी संरक्षणाच्या इन्सुलेशनला पृष्ठभागावरून २.५ मिमी आणि श्रेणी ३ मध्ये (धूळ आणि ओलावा असलेली जागा) ४ मिमी अंतर लागते. हात लागू शकणाऱ्या भागासाठी आपल्याला प्रबलित, म्हणजे दुहेरी संरक्षणाइतके इन्सुलेशन हवे असल्याने ते दुप्पट, म्हणजे ५ किंवा ८ मिमी होते. कोटिंगमुळे श्रेणी १ चे (स्वच्छ, कोरड्या जागेचे) कमी अंतर धरण्याची सवलत आयईसी ६०६६४-३ देते, परंतु त्यातील चाचण्या उत्तीर्ण झाल्या तरच. शिवाय प्रकार १ च्या, म्हणजे केवळ धूळ-दमटपणापासून वाचवणाऱ्या कोटिंगने हवेतील अंतराची अट सुटत नाही.

उत्तर २: आमच्याकडे परत आलेल्या बोर्डांवर कोटिंगखाली फ्लक्स (सोल्डरिंगचे रसायन) राहिला होता आणि पहिल्याच पावसाळ्यात तेथून गळतीप्रवाह सुरू झाला. पिनांच्या टोकांवर थर हमखास पातळ राहतो, त्यामुळे धुणे, वाळवणे आणि अतिनील दिव्याखाली तपासणे, यांपैकी काहीही टाळू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ऑप्टोकपलरखाली (दोन्ही भागांत प्रकाशाने संकेत पोहोचवणारा सुटा भाग) रुंद खाच कापून अंतर ८ मिमी करतो. कोटिंग केवळ धूळ आणि दमटपणासाठी ठेवतो.

उत्तर १: योग्य. श्रेणी ३ मध्ये ती खाच किमान १.५ मिमी रुंद असावी आणि ऑप्टोकपलरच्या स्वतःच्या पायांमधील अंतरही मोजावे.