गुलमोहर सोसायटी (फक्त सभासद) : नकाशातला तो चौकोन

शनिवार

सुलभाकाकू बी-४, ७:५२
सुप्रभात. ऑफिसात लावलेला पुनर्विकासातल्या नवीन इमारतीचा नकाशा आज चष्मा लावून पाहिला. पारिजातक आहे तिथे एक चौकोन काढून 'टी. आर.' लिहिलंय. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच ना? माझा नवा फ्लॅट बरोबर त्याच्यावर, पहिल्या मजल्यावर आहे. सभेत यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं.

जाधव सेक्रेटरी, ७:५८
काकू, नकाशा प्राथमिक आहे. उद्या आर्किटेक्ट येतायत, त्यांना विचारू.

सुलभाकाकू बी-४, ७:५९
पार्किंगचा नकाशाही प्राथमिकच होता.

जाधव सेक्रेटरी, ८:०१
जुने विषय नकोत, ही नम्र विनंती 🙏

देशमुखकाका सी-२, ८:०४
पाण्याची लाइन किती इंची, कुठल्या मेनवरून आणि ताब्याच्या आधी की नंतर, हे करारात लिहून घ्या.

निखिल ए-६, ८:१०
काकू, चौकोन ट्रान्सफॉर्मरचाच आहे आणि तो कुठेतरी लागणारच. आज आपण ३२ घरं आहोत, नवीन इमारतीत ८४ होणार. घराला ५ किलोवॅट धरला तरी ४२०. शिवाय लिफ्ट, पंप, आगीचा पंप आणि गाड्यांचं चार्जिंग. सगळं एकदम चालू नसतं म्हणून थोडं कमी धरतात, पण कोपऱ्यावरच्या २०० केव्हीएच्या (साधारण तेवढेच किलोवॅट) डीपीवर, म्हणजे आत्ताच्या ट्रान्सफॉर्मरवर, हे भागणार नाही. महावितरण नवा बसवायला आपल्याच प्लॉटमध्ये जागा मागणार.

सुलभाकाकू बी-४, ८:१२
जागा द्या की. माझ्या खिडकीखालीच कशाला?

निखिल ए-६, ८:१५
हा प्रश्न बरोबर आहे. रस्त्यालगत हवा, म्हणजे जळला तर क्रेन आणि गाडी थेट पोचेल. मागच्या कोपऱ्यात टाकला तर बदलायला आलेली गाडी पार्किंगमध्ये अडकेल. आणि इमारतीच्या आत घ्यायचा असेल तर तेलाचा चालत नाही, बिनतेलाचा, ड्राय टाइप लागतो. तो महाग पडतो, म्हणून बिल्डर ते नाव काढत नाही.

भोसले डी-१, ८:१६
गेटपाशी नको. तिथे माझी गाडी लागते.

शुभांगी बी-७, ८:१७
भोसले, ती जागा व्हिजिटरची आहे.

भोसले डी-१, ८:१८
२०११ पासून लागते.

शुभांगी बी-७, ८:१८
म्हणूनच म्हणतेय.

जाधव सेक्रेटरी, ८:२०
विषयावर राहू या.

देशमुखकाका सी-२, ८:२३
पाण्याची लाइन किती इंची, कुठल्या मेनवरून आणि ताब्याच्या आधी की नंतर, हे करारात लिहून घ्या. दुसऱ्यांदा लिहितोय.

कुलकर्णी ए-२, ८:२६
काका, पाणी काय, आहेच की. पुण्यात कोथरूडला पाणी नाही असं कधी झालंय?

देशमुखकाका सी-२, ८:४१
कुलकर्णी, बसा आणि हिशेब करा. माणशी १३५ लिटर हे शहराचं प्रमाण. घरात पाच माणसं धरली तर ६७५. आज ३२ घरांना २१,६०० लिटर लागतं, उद्या ८४ घरांना ५६,७०० लागेल. पाइप तोच ठेवून कसं चालेल? पाणी आलंच नाही तर दहा हजार लिटरचे सहा टँकर रोज. पैसे तुम्ही आणि मीच भरणार. बिल्डर तोवर पुढच्या साइटवर गेलेला असेल.

मीनल सी-५, ८:४७
काका म्हणतात ते खरं आहे. माझा भाऊ शहराबाहेर नवीन स्कीममध्ये राहायला गेला. करारात एवढंच होतं की महापालिका पाणी देईल तेव्हा जोडून देऊ. चौदा महिने टँकर. वीज बिल्डरच्या बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर, त्यामुळे युनिटचा दरही जास्त. वहिनी बादलीत कपडे भिजवून टँकरची वाट बघायची. हे आपल्याकडे नको.

कुलकर्णी ए-२, ८:४९
रेरा कायदा आहे ना त्यासाठी?

मीनल सी-५, ८:५३
रेराचा आधार मुख्यतः फ्लॅट विकत घेणाऱ्यांना. आपण जुने सभासद, आपला आधार म्हणजे सोसायटीचा बिल्डरशी होणारा विकसन करारनामा. पुनर्विकासाच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात बिल्डरने द्यायची बँक गॅरंटीही सांगितली आहे, प्रकल्पखर्चाच्या २० टक्के. ती मसुद्यात दिसत नाहीये, जाधवसाहेब.

जाधव सेक्रेटरी, ८:५४
वकिलांकडे आहे विषय.

शुभांगी बी-७, ८:५५
मार्चमध्येही वकिलांकडेच होता.

पाटील डी-३, ९:०२
टाकी भरून वाहतेय!! मोटर कोणी चालू ठेवली?

भोसले डी-१, ९:०३
वॉचमन रजेवर आहे.

सुलभाकाकू बी-४, ९:०४
काल रात्री भोसल्यांनी लावली होती.

भोसले डी-१, ९:०४
मी बंद केली होती. साक्षीला कुलकर्णी.

कुलकर्णी ए-२, ९:०५
मी झोपलो होतो.

पाटील डी-३, ९:११
केली बंद. चप्पल भिजली.

निखिल ए-६, ९:२०
ड्रेनेजचंही बघा. रस्त्याखालची लाइन सहा इंची, आपल्या इमारतीच्या वेळची. आत्ताच जुलैत चेंबर तुंबतो. अडीचपटीहून जास्त घरांचं सांडपाणी त्यात सोडायचं असेल तर लाइन बदलावी लागेल, म्हणजे रस्ता खोदणं आलं. पावसाळ्यात रस्ताखोदाई बंद असते. ताबा जूनमध्ये ठरला आणि खोदाई राहिली, तर दिवाळीपर्यंत बोंब. पीएमसीशी आत्ताच बोलायला हवं.

पाटील डी-३, ९:२१
पीएमसी म्हणजे महापालिका की आपले सल्लागार?

निखिल ए-६, ९:२२
महापालिका. सल्लागारांशी तर बोलायला हवंच.

सुमतीआजी ए-१, ९:३५
निखिल, माझं लाइटबिल अजून ह्यांच्या नावावर आहे. पाडायच्या आधी मीटर काढतील ना? अनामत मला मिळेल का?

निखिल ए-६, ९:३९
आजी, मीटर कायमचा बंद करताना अनामत परत मिळते, पण ज्याच्या नावावर मीटर त्यालाच. आधी नाव बदलून घेऊ. आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि फ्लॅटचे कागद काढून ठेवा. संध्याकाळी येतो, अर्ज मी भरतो. बाकीच्यांनीही आपापलं बिल बघा. निम्म्या बिलांवर मूळ मालकाचं नाव असेल.

शुभांगी बी-७, ९:४१
गॅसच्या पाइपलाइनसाठीही भिंतीतून जागा आधीच सोडायला सांगा. नाहीतर नव्या टाइल्सला भोकं.

देशमुखकाका सी-२, ९:४४
पाण्याची लाइन किती इंची, कुठल्या मेनवरून आणि ताब्याच्या आधी की नंतर, हे

कुलकर्णी ए-२, ९:४४
काका, वाचलं सगळ्यांनी 🙏

देशमुखकाका सी-२, ९:४६
वाचलंत. लिहिलंत का?

जाधव सेक्रेटरी, १०:१०
देशमुखकाका, लिहिलं. मसुद्यात घालायचं कलम असं : "भोगवटा प्रमाणपत्र, ८४ घरांच्या मंजूर भाराची कायम वीजजोडणी, महापालिकेची पाण्याची जोडणी आणि ड्रेनेज पूर्ण झाल्याशिवाय सभासद ताबा घेणार नाहीत. तोपर्यंतचं भाडं विकासक देईल." पाइपचा व्यास आणि मेन सल्लागार भरून देतील. कुणाची हरकत?

मीनल सी-५, १०:१२
टँकरचा खर्चही विकासकाचा, हे घाला.

जाधव सेक्रेटरी, १०:१३
घातलं.

सुलभाकाकू बी-४, १०:१५
आणि माझा पारिजातक?

निखिल ए-६, १०:१८
उद्या दहाला आर्किटेक्ट यायच्या आधी गेटपासून मोजू. चौकोन चार मीटर पूर्वेला सरकला तर झाड आणि खिडकी दोन्ही वाचतात, असं मला वाटतंय. भोसले, गाडी काढून ठेवा.

भोसले डी-१, १०:३१
किती वेळासाठी?

देशमुखकाका सी-२, १०:३३
टेप माझ्याकडे आहे. पंधरा मीटरची.